अखंड बांधातला खुंट

बसा मंडळी, बसा. टाळकरी, तुम्हीही जरा टेका. आज पुष्कळ बोलायचंय!

आज मी निरूपणाला अभंग घेतलेला नाही. ओवी नाही, श्लोक नाही. "बुवांचं पाठांतर झालं नाही वाटतं!" कोण बोललं ते? तिसऱ्या रांगेत, उपरणंवाले! ऐकू आलं मला! पाठ आहे हो सगळं. पण आज घेतलाय एकच शब्द. तुमच्या-माझ्या रोजच्या तोंडातला शब्द... अखंड!

काय अर्थ? सांगा! "न तुटलेलं." शाब्बास! आता बसा खाली. इतकं सोपं असतं तर मी दोन एस्ट्या बदलून इथवर आलो असतो का?

बघा, हा शब्द आपण कुठं कुठं वापरतो. लग्नपत्रिकेत वापरतो, अखंड सौभाग्यवती. मांडवाच्या फलकावर वापरतो, अखंड हरिनाम. नवरात्रात देवापुढं अखंड दिवा. आणि आमचे हे मृदंगवाले भिवाबुवा, यांच्या शेजारी पथारी टाकून बघा एकदा... अखंड घोरणं! हसताय? भिवाबुवा, तुम्ही नका हसू, तुम्ही ठेका धरा!

आता ऐका. पाहुणे येतात ना, ते लागोपाठ येतात. एक गेला की दुसरा. पण मधे चहाची भांडी विसळायला वेळ मिळतो! सुट्ट्या येतात सलग. एकीला एक लागून. पण एक कुठली आणि दुसरी कुठली, ते कॅलेंडरात दिसतं. आणि अखंड? कढईत तेल ओतताना बघा, बायांनो. पाणी ओतलं तर धार तुटते, थेंब होतात. तेलाची धार वरपासून खालपर्यंत एक! सांधा दिसतच नाही. ते अखंड!

मग माझा प्रश्न. ज्याला आपण अखंड म्हणतो, जे सगळ्यांना अखंड दिसतं, ते तुटतं कधी? भोक पडतं तेव्हा? आवाज होतो तेव्हा? का त्याच्या कितीतरी आधी? आणि ते तुटलंय हे सगळ्यात आधी कुणाला कळतं?

उत्तर मी देणार नाही. उत्तर देणार आहे हासुराम नावाचा एक माणूस. भ्यालेला माणूस. मंडळी, ऐका.

खाडीच्या काठी एक गाव. तळखार त्याचं नाव. आगरी वस्ती. खार म्हणजे काय ते घाटावरच्या मंडळींना सांगतो. समुद्राच्या तोंडातून काढून घेतलेली जमीन! खाडीच्या कडेनं मातीचा लांबच लांब बांध घालायचा. भरतीचं पाणी बांधाच्या बाहेर, भातशेती बांधाच्या आत. आणि गंमत अशी, गंमत कसली, भीतीच, की भरतीला बाहेरचं पाणी वर आणि आतलं शेत खाली! माणूस शेतात उभा राहिला तर समुद्र त्याच्या डोक्याच्या वर! मधे काय? माती. नुसती माती!

तो बांध फुटला तर त्याला तिकडं म्हणतात 'खांड पडली'. खांड! आणि एकदा खांड पडून खारं पाणी शेतात बसलं, की ती जमीन कितीतरी पावसाळे उगवत नाही. मीठ आत मुरतं. बी टाकलं तर जळतं. म्हणून त्या गावात कुणी कुणाला आशीर्वाद दिला ना, तर "शतायुषी हो" म्हणत नाहीत. म्हणतात, "तुजा बांध अखंड राहो." बघा, कसा शब्द वापरलाय!

आता या बांधाची रीत ऐका. सगळं आख्यान त्या रीतीवर उभं आहे. बांध एक, पण राखायचा वाटून. प्रत्येक घराला बांधाचा एक तुकडा. पावसाळ्याआधी ज्यानं त्यानं आपल्या तुकड्याला खाडीचा चिखल लावायचा, थापायचा, खेकड्यांची बिळं बुजवायची. उधाण असलं, म्हणजे अवसे-पुनवेची मोठी भरती, की ज्यानं त्यानं आपल्या तुकड्यावर फावडं घेऊन उभं राहायचं. पाणी उतरेपर्यंत तुकडा सोडायचा नाही! आणि तुझा कुठं संपला, माझा कुठं लागला? त्यासाठी बांधावर दगड ठेवायचा. नुसता वर ठेवलेला. बांधाच्या पोटात काही खुपसायचं नाही, ही जुन्यांची आज्ञा!

आमच्या आख्यानातले भाऊ दोन. थोरला जोमा, धाकटा हासुराम. आई लहानपणीच गेली. हासुरामाला वाढवलं थोरल्याच्या बायकोनं, हिरूबायनं. पदराला धरून फिरायचा तिच्या. चिंबोरीचं, म्हणजे खेकड्याचं, कालवण केलं की मोठी नांगी याच्या ताटात! बांधाचा तुकडाही दोघांचा एकच. मधे दगडसुद्धा नाही.

मग काय बिघडलं? जमीन? दागिने? नाही हो! एक वाक्य! कुणाच्याशा हळदीला पंगत बसली होती. जोमा चार माणसांत हसत हसत बोलून गेला, "आमचे हासूचा काय, बांध लिंपतंय मी न् मिरवतंय तो!"

पंगत हसली. हासुरामानं हातातला घास ताटात टाकला. तो उठला. ताटावरून उठला, मंडळी! घरी गेला, मोडक्या बैलगाडीचा आंब्याचा दांडा पडला होता तो उचलला, घण घेतला, बांधावर गेला आणि दोघांच्या तुकड्याच्या बरोबर मधोमध ठोकला! धाड! धाड! धाड! बांधाच्या पोटात, पार खोल.

"यापुरं तुजा तुज्याकं, माजा माज्याकं! जगाला दिसू दे, कोन लिंपतंय ते!"

गावानं पाहिलं का? पाहिलं! बांधात लाकूड ठोकू नये, लाकूड कुजतं, हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक. कुणी बोललं का? कुणी नाही! "दोन भावांचं भांडण, आपण कशाला मधे?" आहे की नाही ओळखीचं वाक्य? आपण सगळे काय सभ्य माणसं!

त्यानंतर दोघे भाऊ बोलले नाहीत. पण बांध? असा राखला, मंडळी, दोघांनी! ईर्ष्येनं! हासुरामाचा तुकडा आरशासारखा गुळगुळीत. जोमाचा तुकडा भिंतीसारखा सरळ. लोक बाहेरगावाहून आले तर दाखवायचे, "बघा, काय अखंड बांध हाय!" फक्त खुंटाला कुणी हात लावायचा नाही. हासुराम खुंटापर्यंत लिंपायचा, हात काढून घ्यायचा. जोमा पलीकडून खुंटापर्यंत लिंपायचा, हात काढून घ्यायचा. खुंटाची जागा? ती ना याची, ना त्याची. आणि आतलं लाकूड निवांत कुजत होतं.

बरीच वर्षं गेली. श्रावण सरत आला. अवस दुसऱ्या दिवशी. वारा पश्चिमेचा धरलेला. हासुराम सकाळी बांधाच्या आतल्या अंगानं चालत होता, भात बघत. गुडघाभर भात, हिरवंगार! आणि खुंटाच्या खाली, बांधाच्या पायाशी त्याला दिसलं एक ओलं. ओंजळभर पाणी साचलेलं.

त्यात काय? श्रावण आहे, पाऊस आहे, पाणी साचणारच! असंच वाटलं त्याला. असं वाटून घेतलं त्यानं. पुढं गेला. थांबला. मागं आला. वाकला. बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

खारट!

मंडळी, पावसाचं पाणी गोडं असतं. खारट पाणी एकाच ठिकाणाहून येतं. हासुरामानं मान वर केली. वर बांध. बांधावर खुंट. आणि खुंटाच्या पलीकडे, बांधाच्या मागं, न दिसणारा सगळा समुद्र!

बोटाची चव जिभेवरून जाईना. त्याला आठवलं, तो खुंट आपण ठोकलाय. आपल्या हातांनी. घणाचे ते आवाज त्याला पुन्हा ऐकू आले. खांड पडली तर गाव काय म्हणेल? कुणाच्या नावानं शिमगा करेल? वर्षानुवर्षं भात नाही. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, "हासूनी खुंट ठोकला!"

घरी आला. बायको, पदी तिचं नाव, तिनं भाकर वाढली. हा नुसता बघतोय.

"काय झाला वं? जेवत का नाय?"

"काय नाय."

"तोंड असा का काला परलाय?"

"काय नाय म्हटलंय ना!"

ओरडला तिच्यावर. भ्यालेला माणूस ओरडतो, मंडळी. घरात कोणी विनाकारण ओरडत असेल तर आधी बघा, तो कशाला भ्यालाय.

काय करायचं होतं त्यानं? सोपं होतं! चार पावलं चालून थोरल्याच्या दारात जायचं. म्हणायचं, "दादूस, खुंटापाशी पानी येतंय." बस! एवढे शब्द! पण ते शब्द तोंडातून निघण्याआधी दुसरा एक शब्द यायला हवा होता ना, 'दादूस'! तो कित्येक वर्षं उच्चारला नव्हता. जीभ विसरली होती तो.

मग त्यानं काय केलं? तेच, जे आपण सगळे करतो. स्वतःच्या वाट्यापुरतं केलं! दुपारी चिखल आणला, खुंटाच्या आपल्या अंगाला दाबून दाबून भरला. आपली बाजू पक्की! पण पाणी का कुणाचा वाटा ओळखतं? इकडची वाट बंद झाली, ते तिकडं वळलं. मघाशी जे ओलं खुंटाखाली होतं, ते संध्याकाळी हातभर सरकलं. जोमाच्या बाजूला.

आणि तिथं खाली काय होतं, माहीत आहे? जोमाचं घर! बांधाच्या पायाशी, खुंटाच्या रेषेत. त्या घरात हिरूबाय.

तेव्हा हासुरामाच्या मनात एक विचार आला. ऐकवत नाही, पण सांगतो. सांगायला हवा. त्याच्या मनात आलं, 'खांड परली तर पयला घर दादूसचा जाईल. मग कलेल त्याला, कोन मिरवतंय ते!'

विचार आला आणि गेला. पापणी लवते तेवढा वेळ. पण तो आला होता! हासुरामाला बांधाच्या पाण्याची जेवढी भीती वाटली नव्हती तेवढी स्वतःची वाटली. उलट्या पावली पळत घरी आला आणि दार लावून घेतलं. दार लावून काय होणार? ज्याची भीती, तो आत आला होता!

अवस उजाडली. अवसेची भरती दुपारी चढते, खाडीकाठच्या माणसाला सांगायला नको. सगळं गाव बांधावर. ज्याच्या त्याच्या तुकड्यावर जो तो. हातात फावडी, डोक्यावर इरली. वारा असा की उभं राहवेना. खाडीचं पाणी चढतंय... तिवरांची झाडं बुडाली. मग त्यांचे शेंडे बुडाले. पाणी बांधाच्या खांद्याला लागलं!

खुंटाच्या अलीकडे हासुराम. पलीकडे जोमा. दोघांमधे एका हाताचं अंतर. आणि पाठीला पाठ!

हासुराम खाडीकडं बघेना. तो खाली बघत होता, आतल्या अंगाला. जोमाच्या घराच्या कौलांतून धूर निघत होता. हिरूबाय बांधावरच्या माणसांसाठी भाकऱ्या थापत होती. कुणासाठी? सगळ्यांसाठी. न बोलणाऱ्या दिरासाठीसुद्धा!

आणि घराच्या मागं, बांधाच्या पायाशी एक धार. बोटाएवढी. आता ओल नाही, धार!

हे नीट समजून घ्या. बांधातून स्वच्छ पाणी झिरपलं तर माणसं घाबरत नाहीत. झिरपतंच थोडं. पण पाणी गढूळ आलं, म्हणजे ते एकटं येत नाही. बांधाची माती घेऊन येतंय! बांध आतून पोखरला जातोय! हासुराम डोळे ताणून बघतोय. स्वच्छ आहे का? स्वच्छ असू दे! देवा, स्वच्छ असू दे!

चहाच्या रंगाचं होतं.

बोल ना! बोल! तुम्हाला वाटतंय ना इथं बसून? मलाही वाटतं. त्यालाही वाटत होतं. तोंड उघडलं त्यानं. आवाज येईना! त्याला वाटलं, दुसरं कोणीतरी बघेल. इतकं गाव उभं आहे! पलीकडच्या तुकड्यावरचे म्हातारे बघतील... कुणीतरी ओरडेल... मग आपण धावू... म्हणजे पहिलं आपल्याला बोलावं लागणार नाही...

कुणी बघत नव्हतं. प्रत्येकजण आपल्या तुकड्याकडं बघत होता!

तेवढ्यात खुंटाच्या बुंध्यातून एक चिंबोरी बाहेर आली. तिच्यामागून दुसरी. तिच्यामागून आणखी. लागोपाठ! बिळातून बाहेर, बांधावरून, माणसांच्या पायांमधून, गावाकडं! मंडळी, चिंबोरी भरतीला घाबरत नाही. पाणी तिचं घर. ती घर सोडून पळते कधी? घरच पडायला लागतं तेव्हा!

आणि बांधाच्या आतल्या अंगाचं एक ढेकूळ सुटलं. थप्प! जोमाच्या परसात पडलं.

तेव्हा हासुरामाचा गळा फुटला. 'दादूस' नाही आलं तोंडात. आलं ते लहानपणचं...

"वयनेऽऽऽ! वयने, घराभायेर ये! भायेर ये गं!"

जोमा गर्रकन वळला. डोळे लाल. "माजे घराला हाका मारतंस? तुजा काय संबंध?"

हासुरामानं काय केलं? खुंट ओलांडला! इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचा पाय पलीकडं पडला. आणि जोमानं फावडं उगारलं! थोरल्या भावानं! ज्याच्या खांद्यावर बसून जत्रा पाहिली त्यानं!

"खुंटाच्या त्याबाजूस हो! पाय तोरीन!"

"तोर!" हासुराम म्हणाला. "पन आधी खाली बघ. दादूस... पानी गढूल हाय."

आला! शब्द आला! जोमाचं फावडं हवेत थांबलं. त्यानं खाली पाहिलं. आणि उगारलेलं ते फावडं खाली आलं, सरळ खुंटाच्या मुळाशी. माती उडाली! जोमा खणायला लागला!

भिवाबुवा, ठेका थांबवा जरा. ऐकू दे त्यांना.

तुम्हाला वाटतंय, आता हासुराम भोकात आडवा पडेल आणि समुद्र अडवेल? अहो, माणूस आडवा पडून समुद्र अडत नसतो! खुंटाची भेग बुजवायची तर ती आधी मोकळी करावी लागते. म्हणजे काय करावं लागतं? बांध कापावा लागतो! उधाणाच्या ऐन भरात, पाणी खांद्याला लागलेलं असताना, आपल्याच हातानं बांध खाली कापायचा, कुजकं लाकूड उपसायचं, आणि नवा चिखल पेंढ्यात कालवून दोन्ही बाजूंनी एकदम कुटायचा. एकाच बाजूनं कुटलात तर तो दुसरीकडून निघतो. दोन्ही बाजूंनी. एकदम! आणि त्या मधल्या वेळात एक लाट जरी आली त्या कापातून...

खणतायत दोघे. श्वासांचे आवाज. गुडघ्याएवढं गेले, मांडीएवढं गेले. खुंट हलेना. मग हलला. दोघांनी मिठी मारली खुंटाला आणि ओढला. वर आलं ते काय? वरचा भाग लाकूड, खालचा भाग भुसा! आणि त्या भोकातून पाण्याचा असा आवाज आला, मंडळी... तोंडात चूळ भरून कुणी गुळगुळ करावी तसा! समुद्र आतून बोलत होता!

"चिखल! चिखल आना!" जोमा ओरडला.

चिखलाचा ढीग कुठं? बांधाच्या पार दुसऱ्या टोकाला, उघाडीपाशी. उघाडी म्हणजे पाणी सोडायचं दार. तिथून इथवर कुणी आणायचा? तुकडा सोडायचा नाही ही आज्ञा! सगळे उभे, एकमेकांकडं बघतायत. पाय हलेनात. भीतीनं नाही हो, रीतीनं!

तेव्हा उघाडीपाशी उभ्या असलेल्या एका म्हातारीनं चिखलाचा गोळा उचलला, जागेवरूनच शेजारच्याच्या हातात दिला. शेजारच्यानं त्याच्या शेजारच्याला. जो तो आपल्या तुकड्यावरच! पण हात मात्र दगडावरून पलीकडं! एक गोळा, त्यामागं दुसरा, त्यामागं तिसरा... धार लागली चिखलाची, या टोकापासून त्या टोकापर्यंत!

आणि शेवटच्या माणसापाशी आल्यावर तुटली. का? जोमाचा तुकडा रिकामा, हासुरामाचा रिकामा! दोघे खड्ड्यात! गोळा घ्यायला हातच नाहीत!

दोन हात आले. पिठाचे हात! हिरूबाय वर आली होती. घर सोडून उंचावर पळायचं, ते सोडून ती बांधावर चढली, गोठ्यातला पेंढा कवटाळून. मागोमाग पदी. एकीनं गोळा घेतला, दुसरीनं पेंढा कालवला. हिरूबाय खड्ड्यात उतरली आणि दोन भावांच्या मधे उभी राहून पायांनी कुटायला लागली. इकडून हासुराम, तिकडून जोमा, मधे ती. पाणी वरच्या काठाला. एक लाट आली, कापावरून आत सांडली, तिच्या कंबरेपर्यंत! ती हलली नाही. "टाक!" म्हणाली. "टाक रं, बघतंस काय!"

टाकत राहिले. कुटत राहिले. गुळगुळ बारीक झाली... आणखी बारीक... थांबली!

पाण्यावर एक काटकी तरंगत होती. इतका वेळ ती गावाकडं येत होती. ती जागेवर थांबली. गोल फिरली. आणि हळूच खाडीच्या तोंडाकडं निघाली. ओहोटी लागली!

बोला, काय म्हणता? संपलं आख्यान? भाऊ आता गळ्यात पडतील, टाळ्या वाजवाल, घरी जाल? थांबा. खरी भीती तर आता आहे!

पदी भाकऱ्या आणायला खाली उतरली, बाकी तिघं बांधावर बसली. अंगावर चिखल, ओळख पटू नये असा. हासुराम रडत होता. म्हणाला, "दादूस, मी पापी हाय. मना कालपासना ठाव व्हता. काल सकालीच पानी चाखला मी. खारा व्हता. न् बोललू नाय."

जोमा नखांतला चिखल काढत राहिला. मग खाली बघून म्हणाला, "मना त्याच्या आधीपासना."

हासुरामाचं रडं थांबलं. त्याच्या आता लक्षात आलं. कुठं खणायचं ते दादूसनं विचारलंच नव्हतं! फावडं सरळ तिथंच पडलं होतं!

"तुना ठाव व्हता? न् तू गप?"

"खुंट तू ठोकलावंस. मना वाटला, तू येशील बोलाला. येऊ दे, म्हटला. नाक घासत येऊ दे."

दोघांना ठाऊक होतं, मंडळी. दोघांना! एक म्हणत होता, 'पडू दे, त्याचं घर जाईल.' दुसरा म्हणत होता, 'येऊ दे, नाक घासत येईल.' आणि मधे गढूळ पाणी, एकेक कण माती घेऊन निघालेलं. बांध त्या दुपारी तुटत होता म्हणता? बांध त्या पंगतीतच तुटला होता! समुद्राला फक्त उशिरा कळलं!

हिरूबाय ऐकत होती. हातावरचा चिखल वाळला होता. तिनं जोमाकडं पाहिलं, हासुरामाकडं पाहिलं. ओरडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "दोघांना ठाव व्हता. न् मी तथं खाली निजत व्हती." मग तिनं विचारलं, "मी बुरल्यावर कोन आधी बोलनार व्हता रं?"

सांगा मंडळी, कोण?

ती उठली. बांधावरून उतरली, घरातली आपली लुगडी बांधली आणि गावठाणात वरच्या आळीला भावाकडं राहायला गेली. त्या घरात परत निजली नाही. बांध सांधला, भाऊ बोलायला लागले, भात कापलं, सगळं झालं. पण दर अवसेला ते दोघे तिच्या दारात जाऊन बसायचे, आणि ती भाकर वाढायची, पाणी द्यायची, आणि बोलायची नाही.

मंडळी, गोष्ट तळखारची होती. आता तुमची! तुम्ही कुठं राहता? घाटावर? खाडी नाही, समुद्र नाही, निर्धास्त! बरं! मग घरात ज्याच्याशी बोलणं बंद आहे, तिथं मधे काय ठोकलंय तुम्ही? आपापली बाजू काय छान लिंपताय! देणंघेणं चोख, सणाला मिठाई, लग्नाला आहेर. लोक म्हणतात, काय अखंड कुटुंब आहे! आणि मधे कुठंतरी ओलं दिसलंय. तुम्हाला दिसलंय! बोट लावून चाखलंयही. थोरल्याचं दुखणं वाढलंय, बहिणीच्या घरात काही बरं चाललेलं नाही, पोरगा रोज खोटं बोलतोय, म्हातारीला कुणी विचारत नाही... कळलंय. आणि गप्प आहात. वाट बघताय, तो आधी बोलू दे. तिला नाक घासत येऊ दे!

आणि पलीकडचाही तेच म्हणतोय. बरोबर तेच! आणि तुमच्या दोघांच्या मधे, खाली, कोण निजलंय ते बघा!

कसं गार झालं सगळं. मघाशी हसत होतात!

आता मी टाळ्या वाजवायला लावणार, सगळ्यांनी उभं राहून नाम घ्यायचं, मग आरती, मग प्रसाद. एरवी मी आरतीच्या आधी कुणाला उठू देत नाही, उठला तर भर मांडवात नाव घेऊन बसवतो. ठाऊक आहे तुम्हाला. पण आज ज्याला कुणाच्या दारात जायचंय, ज्याच्या घशात एक हाक अडकलीय, त्यानं आत्ता उठावं. चपला शोधत बसू नका, अनवाणी जा. आम्ही इथं नाम घेत राहू. तुमच्यावाचून ते काही तुटायचं नाही.

उठा. बघत काय बसलाय?